नदीतली गव्हाण

एका जंगलात, जिथे उन्हाळ्यात नदी बारीक होऊन दगडांना वळसे घालत जाते, तिथे एक चितळ हरिणी राहत असे. दिसायला ती कळपातल्या इतर हरिणींसारखीच होती. तेच ठिपके, तेच मोठे कान. पण तिला एक खोड होती. काही नवे दिसले की ती खाणे सोडून बघत उभी राहायची. "हिचं पोट डोळ्यांनीच भरतं," असे म्हणून बाकीच्या हरिणी हसत आणि पुढे चरायला जात.

या कळपाची एक रीत होती आणि मुलांनो, ती रीत मला फार आवडते. चरून परतताना प्रत्येक हरणाने एक घास तोंडात धरून आणायचा आणि नदीकाठच्या जांभळाच्या झाडाखाली पडलेल्या एका पोकळ खोडात टाकायचा. कुणी बाभळीची शेंग आणी, कुणी मोहाची फुले, कुणी नुसता पाला. त्या खोडाला सगळे 'गव्हाण' म्हणत. म्हातारी, आजारी, लांब चालू न शकणारी हरणे त्या गव्हाणीवर जगत. तोंडात आलेला घास न गिळता घरापर्यंत आणणे ही काही सोपी गोष्ट नाही. विश्वास नसेल तर उद्या जेवताना करून बघा.

त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. जवळपासचे गवत वाळून गेले आणि हरणांना चरायला दूर जावे लागू लागले. अशातच या हरिणीच्या पाडसाचा पाय दगडांच्या फटीत अडकून दुखावला. ते तीन पायांवर उड्या मारत आईच्या मागे यायचा प्रयत्न करी आणि थोड्याच अंतरावर मटकन खाली बसे. मग त्याचा सगळा भरवसा गव्हाणीवर. पण गव्हाण सकाळी भरावी आणि दुपारी बघावे तर रिकामी! जांभळावर राहणाऱ्या वानरांना घरबसल्या जेवण मिळत होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसे.

हरणांनी उपाय केले नाहीत असे नाही. आधी त्यांनी काटेरी फांद्या ओढत आणून गव्हाणीवर रचल्या. वानरांनी दोन बोटांच्या चिमटीत एकेक फांदी उचलून बाजूला ठेवली, आणि खाऊन झाल्यावर काही परत जागेवरही ठेवल्या. नाकाला काटे टोचले ते हरणांच्याच. मग कळपाच्या म्होरक्याला, मोठ्या शिंगांच्या चितळाला, एक भारी युक्ती सुचली. त्याने वानरांच्या टोळीच्या नायकालाच, हुप्प्याला, बोलावले आणि म्हणाला, "हुप्पेराव, तुम्ही शूर. आमच्या गव्हाणीची राखण तुम्हीच करा. रोज एक शेंग तुम्हाला."

"काही काळजी करू नका," हुप्प्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत एक पान हलणार नाही."

त्या दिवशी एक पान खरेच हलले नाही, कारण हलायला पान उरलेच नव्हते. कुंपणानेच शेत खाल्ले. हुप्प्या फांदीवर पोट चोळत बसला होता आणि म्होरक्याने विचारले तेव्हा म्हणाला, "चोर फार होते हो. मी एकटा किती जणांना पुरणार?"

म्होरक्या संतापला. खुरांनी माती उडवत त्याने सगळ्यांना सांगितले, "आता बास झालं. या वानरांच्या राज्यात राहायचं नाही. अमावास्येपर्यंत गव्हाण भरलेली राहिली तर ठीक, नाहीतर आपण खालच्या खोऱ्यात जाऊ. तिथं गवत आहे."

"आणि माझं पाडस?" हरिणीने विचारले.

म्होरक्याने तिच्याकडे बघितले नाही. "ज्याला चालवेल तो येईल," एवढेच तो म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता. सगळ्या कळपाचा भार त्याच्या डोक्यावर होता आणि त्याला दुसरी वाट दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरिणी चरायला गेलीच नाही. ती झुडपाआड उभी राहून वानरांना बघू लागली. आधी तिला राग आला, खूप आला. पण बघता बघता तिचे डोळे मोठे झाले. केवढे चपळ होते ते प्राणी! एक वानरी पोटाशी पिल्लू धरून उंच फांदीवरून उतरली, एका हाताने शेंग उचलली, दातांनी सोलली, आतले बी पिल्लाच्या तोंडात घातले आणि पिल्लाला कळण्याआधी पुन्हा वर गेली. काय ती बोटे आणि काय ती नजर! हरिणीला वाटले, आपल्याला असे हात असते तर पाडसाचा पाय आपण फटीतून किती अलगद सोडवला असता.

"अगं, चोरांचं कौतुक करतेस?" तिची शेजारीण परतताना थबकून म्हणाली. "शिव्या दे त्यांना!"

"शिव्या तुम्ही देताच आहात," हरिणी म्हणाली. "मी जरा बघते."

आणि बघता बघताच तिला एक गोष्ट दिसली. वानरांच्या ओढाताणीत एक भली मोठी शेंग उडाली आणि घरंगळत सावलीबाहेर, उघड्या जमिनीवर जाऊन पडली. सगळी टोळी तिच्याकडे बघू लागली. एक तरुण वानर दोन पावले पुढे गेला, वर आकाशाकडे बघितले, मागे झाडाकडे बघितले आणि परत फिरला. ती शेंग दिवसभर उन्हात तशीच पडून राहिली. एवढे धीट चोर, पण हात पोहोचेल इतक्या जवळ झाड नसेल तर त्यांचे धैर्य संपत होते.

हरिणी त्या शेंगेकडे बघत राहिली आणि मग तिने गव्हाणीकडे बघितले. गव्हाण इथे, दाट सावलीत, कुणी ठेवली? आपणच. हरणांना उघड्यावर भीती वाटते, म्हणून आपण गव्हाण झाडाखाली ठेवली आणि वानरांना घरातून थेट ताटावर उतरायला जिना करून दिला. चूक वानरांच्या हातांची नव्हती, आपल्या भीतीची होती.

संध्याकाळी तिने कळपाला सांगितले, "नदीच्या मधोमध तो मोठा खडक आहे ना, त्याला रांजणासारखा खळगा आहे. आपला घास तिथे टाकायचा. भोवती पाणी पाडसाच्या पोटाला लागेल एवढंच आहे, पण वानराच्या ते छातीपर्यंत येईल. आणि जवळपास एकही झाड नाही."

"झाड नाही म्हणजे आडोसाही नाही!" म्होरक्या ओरडला. "बिबट्याला आमंत्रणच की."

"उघड्यावर आपण बिबट्याला दिसतो, तसा तो आपल्यालाही दिसेल. आणि काठावरच्या झाडांवर वानरं आहेतच. बिबट्या दिसला की ती ओरडतात."

आता मात्र सगळा कळप हसला. "त्यांच्या तोंडचा घास काढणार आणि राखण त्यांनीच करायची?" म्होरक्या म्हणाला. "तू जा एकटी."

ती एकटी गेली. सकाळच्या लख्ख उजेडात, तोंडात शेंगा धरून, ती नदीत उतरली. चारी बाजूंनी उघडे आकाश. तिचे कान एकसारखे फिरत होते. हरणाच्या जातीला हे किती कठीण, ते हरणालाच ठाऊक. पण खळग्यात घास टाकून ती परतली, पुन्हा गेली, पुन्हा परतली. मागून तिचे पाडस पाण्यात उतरले. पाण्यामुळे दुखऱ्या पायावर भार कमी पडत होता, म्हणून तेही हळूहळू खडकापर्यंत पोहोचले आणि खाऊ लागले. ते बघून शेजारीण निघाली, मग दोन म्हाताऱ्या हरिणी निघाल्या. शेवटी म्होरक्याही तोंडात पाला धरून, कुणाकडे न बघता, पाण्यात उतरला.

हुप्प्याने हे सगळे फांदीवरून बघितले आणि तोही निघाला. दोन्ही हात डोक्यावर धरून तो पाण्यात शिरला. पाणी छातीला लागले तसा तो थांबला. मागे बघितले तर झाड दूर, पुढे बघितले तर म्होरक्याची शिंगे. झाडावरचा हा राजा भिजल्या मांजरासारखा काठावर परत आला आणि अंग झटकत म्हणाला, "मला भूकच नाही आज."

कळप हसला, हरिणी हसली नाही. तिला त्या वानरीचे पिल्लू आठवले.

अमावास्या जवळ आली तरी खळगा भरलेलाच होता. एका सकाळी पाडस खडकाशी खात उभे होते. काठावरच्या पिवळ्या गवतात काहीतरी सरकले. हरणांना ते दिसले नाही आणि वारा उलटा असल्याने वासही येईना. हुप्प्याला मात्र वरून स्वच्छ दिसले. गवतात पोट टेकून बिबट्या पाडसाकडे बघत होता. हुप्प्याचे पोट अजून रिकामे होते आणि राग ताजा होता. नुसते गप्प बसायचे, एवढेच करायचे होते.

"खक्! खक्! खक्!"

सगळे जंगल दणाणले. हरणांनी शेपट्या उभारल्या, पाडसाला मध्ये घेतले आणि म्होरक्या शिंगे रोखून पुढे उभा राहिला. बिबट्याने बघितले, आपण सगळ्यांना दिसलो आहोत. तो उठला, जणू सहज फिरायला आला होता अशा थाटात वळला आणि निघून गेला.

हरिणी धावत जांभळाखाली आली. "का ओरडलास?" तिने विचारले. "आम्ही तर तुझ्या तोंडचा घास काढला."

हुप्प्याने मान दुसरीकडे फिरवली. "शेंग चोरणं वेगळं," तो म्हणाला. "लेकरू जाताना बघत बसायला मला येत नाही."

हरिणीचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून ती नदीकडे जाताना सगळ्यांच्या देखत जांभळाखाली पहिला घास ठेवू लागली. "हा चोरीचा नाही, राखणीचा," ती म्हणाली. म्होरक्याने ऐकले आणि आपल्या तोंडातली शेंग त्या घासाशेजारी ठेवली. पुढे जांभळे पिकली तेव्हा वानरे वर बसून खाऊ लागली आणि खाली पाडसासाठी मुद्दाम पिकलेली फळे टाकू लागली. कळप खोऱ्यात गेला नाही. पाडसाचा पाय भरून आला आणि एक दिवस ते नदीच्या पाण्यातून चारी पायांवर धावत खडकापर्यंत गेले.

म्होरक्या हरिणीशेजारी उभा राहून ते बघत होता. "आम्ही सगळे वानरांवर एवढे ओरडलो," तो म्हणाला, "आणि उपाय तुला सापडला. कसा गं?"

"तुम्ही ओरडत होता तेव्हा मी बघत होते," हरिणी म्हणाली आणि पाडसाच्या मागे पाण्यात उतरली.

तात्पर्य : ज्याच्यापासून आपले राखायचे, त्याला आधी मोकळ्या मनाने नीट पाहावे, रागाने झाकलेल्या डोळ्यांना ना आपली चूक दिसते, ना त्याचा चांगुलपणा.