पल्याडच्या गावांचा रंग

“बाबा, एवढंच सांगा, खोट कुठं आहे ह्यात?”

गोसावीबाबा मठाच्या पायरीवर पावटा सोलत बसले होते. शेंग मोडायची, दाणे परातीत टाकायचे, टरफल शेळीपुढे.

दमयंतीने नकाशा पायरीवर पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले आणि मग जरा मागे सरून ती आपल्याच कामाकडे कौतुकाने बघत राहिली. कौतुक वाटायलाच हवं होतं. कोकऱ्यांच्या दमयंतीने नकाशा केला, हे तिच्या सासरी अजून कुणाला खरं वाटत नव्हतं.

दमयंती त्या खोऱ्यात आरोग्यसेविका होती. खोऱ्यात चोवीस गावं आणि मधोमध धरणाचं पाणी. एकवीस गावं पाण्याच्या अलीकडे, तीन पल्याड. मागच्या श्रावणात अलीकडच्या लोणबारीत भागाबाईला नाग चावला. इंजेक्शन होतं बेचाळीस किलोमीटरवर. भागाबाई जीपमध्येच गेली, दमयंतीच्या मांडीवर डोकं ठेवून. “ताई, आलं का गाव?” हे तिचं शेवटचं बोलणं.

आता खोऱ्याला एक फ्रिज मंजूर झाला होता. सापाच्या इंजेक्शनांचा फ्रिज आणि त्याच्यासोबत बसायला एक डॉक्टर. फ्रिज एकच होता. तो कोणत्या गावात ठेवायचा, हे उद्या अकराच्या बैठकीत ठरणार होतं. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी बजावलं होतं, “तोंडी सांगू नका. नकाशा आणा, मग बोलू.”

तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्याने तिला उडवून लावलं होतं. “बाई, ह्याला सहा महिन्यांचा कोर्स लागतो.”

तेव्हा ती बाबांकडे आली होती. भगवी वस्त्रं घेण्याआधी बाबांनी बावीस वर्षं जमीनमोजणीच्या पथकात साखळी ओढली होती. खोऱ्यातला एकही बांध असा नव्हता, की ज्याच्यावरून ते चालले नव्हते.

“गावाचं नाव एका रकान्यात लिवता येतं?” बाबांनी विचारलं होतं.

“येतं.”

“त्येच्या शेजारच्या रकान्यात आकडा?”

“येतो की.”

“मग नकाशा येतो.”

आणि खरंच आला. गावांच्या हद्दी आधीच आखून ठेवलेली एक फुकटची साइट तिला मोबाइलवर सापडली. नावांचा आणि आकड्यांचा तक्ता तिथं चिकटवला, की नकाशा आपोआप रंगत होता. पहिल्या दिवशी तिने सात रंग वापरले. निळं गाव, जांभळं गाव, पोपटी गाव. बाबा बघून पोट धरून हसले होते. “रंगपंचमी खेळलीस व्हय गं? ह्यात कुठलं गाव जास्त दुखतंय, कसं कळायचं?”

मग एकच रंग ठरला, तांबडा, आणि त्याच्या चार छटा. जिथं एकालाही साप चावला नाही तिथं फिकट गुलाबी, आणि चढत चढत शेवटी गडद किरमिजी. दुसऱ्या खेपेला बाबांनी नुसतं विचारलं, “लोणबारीत माणसं दोन हजार, आन् गावठाणवाडीत दोनशे. दोन्हीकडं चार-चारांस्नी साप चावला, तर तरास सारखाच का?” ती रात्रभर कुढली होती. सकाळी उठून तिने गेल्या दोन वर्षांचा प्रत्येक आकडा दर हजार माणसांमागे किती, असा करून घेतला.

आजची ही तिसरी खेप होती, आणि आज खोट निघणार नाही, अशी तिची खात्री होती.

“साहेबांना फोटो पाठवला,” ती म्हणाली. “साहेब म्हणाले, कुठल्या इंजिनिअरकडून करून घेतलात?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, मीच केला.”

“आन् माझं नाव न्हाई सांगितलं?”

दमयंतीने जीभ चावली. बाबा खुशीत हसले आणि आणखी एक शेंग मोडली.

मग त्यांनी हात धोतराला पुसले आणि नकाशावर वाकले.

“लई देखणा झालाय.”

“पण?”

“पण कुठं म्हटलं मी?” त्यांनी पाण्याच्या पल्याड बोट ठेवलं. सोनजांभ, खिरणवाडी, गेळेवाडी. तिन्ही गावं फिकट गुलाबी होती, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तळव्यासारखी. “अख्ख्या खोऱ्यात एवढी तीनच गावं नशीबवान म्हणायची.”

“तिथं शून्य आहे, बाबा.”

“कोण म्हणालं?”

“म्हणजे... तिथली आरोग्यसेविकेची जागा दोन वर्षं रिकामी आहे. तिथून फॉर्मच येत नाही. रकाना मोकळा सोडला, की साइट लाल अक्षरांत ओरडायची, पुढंच जाऊ द्यायची नाही.” दमयंतीचा आवाज थोडा खाली आला. “म्हणून मी शून्य टाकलं.”

बाबा उठले. परात उचलून आत गेले आणि त्यांनी मठाचं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

दमयंती बघतच राहिली. बाबा रागावले की काय? शेळीनेही मान वर केली.

“बाबा?”

...

“बाबा, चुकलं असेल तर सांगा ना!”

“पोरी,” आतून आवाज आला, “ह्या खोलीत मला सोडून किती जीव हायत?”

“कोणी नाही. तुम्ही एकटेच तर राहता.”

“लिवलंस?”

“काय?”

“शून्य.”

“लिहिलं म्हणा!” ती वैतागून म्हणाली.

कडी निघाली. बाबांच्या घोंगडीवर एक करडी मांजर पसरली होती आणि तिच्या पोटाशी पाच पिल्लं एकमेकांना ढकलत दूध पीत होती.

दमयंती पिल्लांकडे बघत उभी राहिली. मग हळूच वळून तिने पायरीवरच्या नकाशाकडे पाहिलं. उद्या हा नकाशा बघून साहेब म्हणणार होते, पल्याड साप नाहीत, फ्रिज लोणबारीला ठेवा. लोणबारी महामार्गावर. पल्याडच्या माणसाला तिथं पोचायला अर्धा दिवस. आणि ते साहेबांनी म्हणावं, याची तजवीज तिने स्वतः करून ठेवली होती, देखण्या गुलाबी रंगात.

“बैठक उद्या आहे, बाबा.”

“मग?”

“तीन गावं, आणि...”

“पल्याड जाणारी लाँच कितीची?”

“अडीचची.”

बाबांनी सूर्याकडे पाहिलं. आत जाऊन शाळेतल्या मुलांनी मठात विसरलेली पेन्सिलींची पेटी आणली. तिच्यातून तांबड्याच्या चार छटांच्या चार पेन्सिली निवडून दमयंतीच्या हातात दिल्या.

“तिकडं वीज असंल-नसंल,” ते म्हणाले. “पळ.”

सोनजांभच्या काठावर उतरताना दमयंतीला वाटत होतं, कोण आपल्याशी बोलणार? दोन वर्षं दवाखान्याचं माणूस इकडे फिरकलं नव्हतं. पण पाणी भरणाऱ्या बायकांना तिने विचारलं मात्र, त्यांनी हंडे खाली ठेवले.

“साप चावलेली माणसं मोजायचीत? मग नागोबाच्या पारावर चला.”

पारावर गोटे ओळीने मांडले होते. गावात कुणाला साप चावला, की घरचं माणूस तिथं एक गोटा आणून ठेवायचं. माणूस वाचला, तर गोट्याला चुना. गेला, तर शेंदूर. गेल्या दोन वर्षांचे गोटे बायकांनी नावानिशी दाखवले. हा दगडूचा, हा तान्हीच्या थोरल्याचा, ही आमची जाऊ. सात गोटे होते. दोन पांढरे, पाच शेंदरी.

गावात माणसं दोनशे दहा.

दमयंती तिथंच पाराला टेकली. तिला रडू आवरेना. इथं साइट नव्हती, तक्ता नव्हता, तरी कुणीतरी एकेक माणूस मोजून त्याला रंग देऊन ठेवला होता. येऊन बघणारं तेवढं कुणी नव्हतं.

“रडू नगा, बाई,” एक म्हणाली. “तुम्ही इचारायला आलात, हेच लई झालं.”

खिरणवाडी अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. तिथं पाच गोटे, माणसं दीडशे. गेळेवाडी डोंगरापलीकडे, आणि शेवटची लाँच सहाची. दमयंतीने डोंगराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ती निमूटपणे धक्क्यावर परतली.

परतताना लाँचच्या फळीवर बसून तिने मांडीवर नकाशा घेतला आणि छापील गुलाबीवरून गडद किरमिजी फिरवायला सुरुवात केली. लाँच हलायची, टोक मोडायचं, ती पुन्हा पुन्हा ब्लेडने पेन्सिल तासायची. शेजारी सोनजांभची ठकूबाई बसली होती, लेकीकडे निघालेली. तिला अक्षरओळख नव्हती. तिने नकाशात डोकावून पाहिलं.

“ह्ये आमचं गाव, न्हवं?”

“कसं ओळखलंत, आजी?”

“हे पाणी. आन् पाण्यापल्याड समद्यात जास्त तांबडं, ते आमचंच असणार.” म्हातारीने त्या रंगावरून बोट फिरवलं. “बरं झालं बाई, कुणीतरी कागदावर मांडलं.”

गेळेवाडीवर दमयंतीचा हात थांबला. तिथं गुलाबी चालणार नव्हतं. किरमिजीही चालणार नव्हतं... शेवटी तिने साधं निळं पेन काढलं आणि त्या गावावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या. नकाशाच्या तळाशी लिहिलं, ‘रेघा म्हणजे अजून विचारलेलं नाही.’

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी चष्मा वर केला.

“काल फोटोत इतका स्वच्छ होता. आज हे काय? हाताने रंगवलंय, आणि ह्या गावावर गिरगोटा? अर्धवट नकाशा घेऊन आलात?”

खोलीतले सगळे तिच्याकडे बघत होते. कॉम्प्युटरवालाही एका कोपऱ्यात होता, आणि त्याच्या ओठांच्या कडेला हसू होतं.

“कालचा चुकीचा होता, साहेब. ती चूक माझीच होती,” ती म्हणाली. “जिथं आपण विचारलंच नाही, तिथं मी शून्य लिहिलं. काल दोन गावांत जाऊन आले. तिसऱ्यात पोचले नाही, म्हणून रेघा.”

साहेबांनी नकाशा जवळ ओढला. किरमिजी दोन गावांवरून त्यांचं बोट फिरत फिरत रेघांवर आलं आणि तिथंच थांबलं...

“इथं कोण जाणार?” त्यांनी विचारलं.

“मी. उद्याच्या लाँचने.”

ऊन उतरायला लागल्यावर ती मठाची पायवाट जवळजवळ धावतच चढली.

“बाबा! फ्रिज तळकोंडला! इकडून लाँच सुटते त्या धक्क्यापाशी! अलीकडच्यांना रस्ता आहे, पल्याडच्यांना लाँच. आणि ती लाँच आता मुक्कामाला सोनजांभलाच राहणार, रात्री कुणाला चावलं तर!”

बाबा पावटाच सोलत होते. करडी मांजर आज पायरीवर उन्हात होती, आणि पिल्लं टरफलांशी झटापट करत होती.

“आन् साहेब काय म्हणाला? कुठल्या इंजिनिअरनं केला?”

“ह्या वेळी नाही विचारलं.” ती हसली. “पण मी तुमचं नाव सांगितलं.”

बाबांनी मान डोलावली.

“उद्या गेळेवाडीला जाते. तेवढं एकच गाव राहिलंय. ते झालं, की पुरा झाला नकाशा.”

तिने पिशवीतून पेन्सिली काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. गडद किरमिजी जेमतेम बोटभर उरली होती. मधल्या दोन होत्या तशा. आणि फिकट गुलाबीला तर टोकही काढलेलं नव्हतं.

बाबांनी चारही पेन्सिली एकेक करून निरखल्या. किरमिजीचा तुकडा उचलून झोळीत टाकला. मधल्या दोन पेटीत ठेवल्या.

फिकट गुलाबी त्यांनी दमयंतीच्या हातात परत दिली.

“बाबा, हिचं काय करू? हिला लावायला साप न चावलेलं एकही गाव नाही.”

बाबांनी परात मांडीवर घेतली, एक शेंग मोडली, दाणे परातीत टाकले...

“ही झिजवून आण.”