डीजेच्या टेबलापुढची चौकट

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा सुया आणि चौकटी बोलायच्या. डीजेच्या टेबलापुढे एक लाकडी चौकट होती, तिच्यावर पांढरं कापड ताणून बसवलेलं. गाण्याचा दणका बसला की कापड थरथरायचं, आणि चौकट घाबरून त्याला आणखी ताणायची. शेवटी ऐन हळदीच्या दुपारी कापड कोपऱ्यात फाटलं.

"पुन्हा फाटलं, तर स्पीकर पुसायला जाईल," ठिगळ लावता लावता सुई म्हणाली.

"म्हणून तर मी एवढं घट्ट धरते!"

"अगं बाई, तू धरतेस तिथेच फाटलंय. जरा सैल धर."

संध्याकाळी पहिला दणका बसला. कापड फुगलं, थरथरलं. चौकटीचा जीव खालीवर झाला, पण तिने ते ताणलं नाही. ठिगळ टिकलं. कापड नाचत राहिलं.

गाणं कुठलं लागलं होतं, ते मात्र चौकटीला विचारू नका. तिचं सगळं लक्ष टाक्यांकडे होतं.