न वाकणारी स्प्रिंग

डांबरी रस्ता अजून डोंगर चढला नव्हता, तेव्हाची गोष्ट. चार जाड चाकांची एक उघडी गाडी शालन सिस्टरला लसींच्या डब्यासकट धनगरवाड्यावर नेत असे. ओझं पेलावं म्हणून कुणीतरी पुढच्या चाकावरची स्प्रिंग पार आवळून ठेवली होती, आणि तिला त्याचा भारी तोरा होता.

"आजवर एकाही दगडापुढे वाकले नाही मी!" ती हँडलला सुनावायची. "तू मात्र सदा थरथरत असतंस."

हँडल दमून म्हणालं, "बाई गं, तू झेलत नाहीस ते माझ्यावर येतं, आणि माझ्याकडून सिस्टरच्या मनगटांत जातं. वर पोचल्यावर तिच्या हातांची थरथर थांबेपर्यंत पोरं सुईकडे बघून रडत बसतात."

स्प्रिंगला ते खरं वाटलं नाही.

पण एकदा वळणावर चाक दगडावरून उडालं, हँडल सिस्टरच्या हातून निसटलं आणि गाडी कशीबशी दरीच्या काठाशी थांबली. रज्जाक मिस्त्रीनं गाडीचं नाक दाबून पाहिलं. "आवळून आवळून हिची पार पहार केलीय, ताई," म्हणत त्यानं दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सैल केल्या. तोऱ्यातल्या स्प्रिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला ती दगडादगडाला वाकली आणि लगेच सावरली. चाकं जमीन सोडेनात. गाडी वळवावी तशी वळू लागली. वर पोचताच सिस्टरनं डबा उघडला, आणि पहिलं पोर रडायच्या आत सुई टोचून झालीसुद्धा.

"आज दगड कमी होते का रे?" स्प्रिंगनं हळूच विचारलं.

"होते तेवढेच होते," हँडल म्हणालं.