मधल्या टेकडीवरचा शिंगवाला

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरात एक मुलूख होता. तिथं प्रत्येक गावाचं काम ठरलेलं. वरचं गाव नदीवर नजर ठेवी. पल्याडचं गाव रानाची चाहूल घेई. खालचं गाव माणसं धाडी, गुरं हाकी. एकाचं काम दुसऱ्याला येत नसे, आणि एकाचं दुसऱ्यावाचून चालत नसे.

गावं शिंग फुंकून एकमेकांना निरोप देत. सगळ्यांच्या मधे एक टेकडी होती. तिच्यावर शिंगवाला एकटाच राही. आलेली हाक ऐकायची आणि पुढं फुंकायची, एवढंच त्याचं काम.

पण त्याला ताठा चढला. त्यानं दंडक घातला, "मी फुंकीन तोच निरोप खरा. परस्पर आलेल्या हाकेवर कुणी हलायचं नाही."

खालच्या गावातली त्याची धाकटी बहीण भाकरी घेऊन आली.

"दादा, वरच्या गावाचं शिंग आम्हाला अंगणात ऐकू येतं. मग तुझी वाट कशाला बघायची?"

"मला शिकवू नकोस. टेकडी कुणाची?"

"टेकडी तुझी. जीव आमचे," ती म्हणाली आणि उतरून गेली.

पुढं एका दुपारी तो तापानं फणफणला. त्याच वेळी वरचं शिंग वाजलं. नदीला लोंढा आला होता. त्यानं शिंग ओठाला लावलं, पण छातीत दम नव्हता.

खालच्या गावानं ती हाक ऐकली. जाणते म्हणाले, "थांबा. टेकडी अजून बोलली नाही."

गाव टेकडीकडे बघत उभं राहिलं. पाणी थांबलं नाही. त्यात बहीण गेली.

मग उरलेल्यांनी दंडक मोडला. गावं थेट एकमेकांना हाका देऊ लागली. सवय व्हायला दोन वर्षं गेली, पण झाली.

शिंगवाल्याच्या छातीत दम परत यायलाही तेवढाच काळ लागला. एके सकाळी त्यानं सगळा जीव लावून शिंग फुंकलं. कुठूनच उत्तर आलं नाही. लोकांना राग नव्हता. त्यांचं त्याच्यावाचून अडत नव्हतं, इतकंच. बहीण गेल्यापासून तो स्वतःची भाकरी स्वतः थापी, आणि शेजारी कुणी नसे.

माणसाच्या मेंदूतही अशीच गावं आहेत. एक बघतं, एक ऐकतं, एक हात हलवतं. मधल्या टेकड्याही आहेत. एखादी मुकी झाली तर मेंदू हळूहळू दुसऱ्या वाटा पाडतो, पण गेलेलं सगळंच परत येत नाही.

बोध: ज्याच्या हातून सगळ्यांचे निरोप जातात, त्यानं बाकीच्या वाटा बुजवू नयेत.