पुढचा ठोका

"सर, शक्यता म्हणजे शेवटी आपलं अज्ञानच ना?"

जयदेव घाटगेने आपला शोधनिबंध मुजावर सरांपुढे ठेवला. मिरजेच्या कॉलेजात सरांनीच त्याला क्वांटमचं गणित शिकवलं होतं. आता तो मोठ्या संस्थेत संशोधक होता आणि त्या गणितातून शक्यता कायमची हद्दपार करायला निघाला होता. प्रत्येक कणाचं सगळं आधीच ठरलेलं असतं, आपल्याला तेवढं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

सरांनी पानं उघडली नाहीत. त्याची आई कशी गेली, एवढंच विचारलं.

जयदेवने खाली बघत सांगितलं. डॉक्टरांनी दोन उपचार सुचवले होते. आकडे त्यानेच तपासले आणि शंभरातले नव्वद ज्याने बरे होतात, तो निवडला. आई उरलेल्या दहांत निघाली.

सर उठून आत गेले.

त्यांनी आपला जुना गायगर काउंटर आणला. त्याच्याजवळ किरणोत्सर्गी खनिजाचा खडा ठेवला. खड्यातला अणू फुटला, की यंत्रात ठोका पडायचा.

मिनिटाला सरासरी चाळीस पडतात, सर म्हणाले, तर पाच मिनिटांत किती?

"दोनशे. चौदा-पंधरा इकडे तिकडे."

दोघांनी घड्याळ लावून मोजले. दोनशे सात भरले. जयदेवच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जुनी ऐट आली.

"आता पुढचा एकच सांग," सर म्हणाले. "पडायच्या आधी बोट उचल."

त्याने बोट उचललं... काहीच वाजलं नाही. खाली ठेवलं, तर लागोपाठ दोन ठोके पडले. पुन्हा उचललं. पुन्हा चुकलं.

सरांनी हटकलं नाही. समोरच्या चहावर साय धरली. शेवटी बोट उचलायचं सोडून जयदेव नुसता ऐकत बसला.

सुरुवातीची सगळी माहिती असती तर सांगता आलं असतं, असं तो पुटपुटला. मग त्याने सरांकडे बघितलं.

"कुणाला तरी ठाऊक असणारच ना, सर? मलाच कळलं नाही..."

सरांनी त्याचा हात हातात घेतला. एक ठोका पडू दिला.

"आत्ता जो अणू फुटला ना, जयदेव... त्यालाही ठाऊक नव्हतं."