बोटभर मेणबत्ती

“मग उद्याची शेवटची बोली माझीच ठरेल ना, बाबा?”

नारोबा कोठाऱ्यांनी पुन्हा विचारलं. वाळकेश्वरच्या तळ्याच्या पायरीवर बसलेले धर्मगीरबाबा माळेचे मणी ओढत राहिले.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. मुंबईत ज्याची स्वतःची कंपनी नव्हती त्याच्याकडे निदान दुसऱ्याच्या कंपनीचे शेअर होते. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या अशाच एका कंपनीच्या शेअरांचा उद्या लिलाव होता. जमीन अजून पाण्याखालीच होती. भाव मात्र केव्हाच वर आला होता.

रीत अशी, की टेबलावर बोटभर मेणबत्ती लावायची आणि ती विझण्यापूर्वीची शेवटची बोली खरी धरायची. त्या बोलीसाठी गिरगावचं राहतं घर गहाण टाकायचं नारोबांनी ठरवलं होतं. बायकोने कालपासून अन्न सोडलं होतं. तेव्हा बाबांचा आशीर्वाद घरी नेणं भाग होतं.

“लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात,” नारोबा म्हणाले. “मी धुराकडे बघतो. ज्योत जाण्याआधी धूर खाली वळतो. तेव्हा बोलायचं.”

बाबांनी आपल्या शिष्याला, शिवगीरला, मेणबत्तीचा तुकडा आणायला सांगितलं. तो पायरीवर लावला आणि उजव्या हाताची मूठ मिटून पुढे धरली.

“हिचा लिलाव.”

नारोबांनी हसत खांद्यावरचं उपरणं बोलीला लावलं. शिवगीरने कमंडलू लावला. नारोबांनी बोटातली अंगठी सांगितली. शिवगीरने शांतपणे सगळा घाटच बोलून टाकला, जणू तो त्याच्या वाडवडिलांनी बांधला होता.

नारोबांचं हसू गेलं. एका गोसावड्याने आपल्यापेक्षा चढी बोली लावावी… त्यांनी मान खाली घातली आणि धुरावर नजर रोखली.

धूर वळला.

“गिरगावचं घर.”

ज्योत गेली.

“तुझी झाली,” बाबा म्हणाले.

नारोबांनी ऐटीत शिवगीरकडे पाहिलं. तो पायरीवरचं मेण खरवडत होता.

अंधारून आलं होतं. बाबांची मूठ अजून तशीच पुढे होती, मिटलेली. मघापासून ती समोरच होती; पण नारोबा तिच्याकडे आत्ता प्रथमच बघत होते… बराच वेळ.

“बाबा… हिच्यात आहे काय?”

बाबांनी मूठ उघडली नाही. ती तशीच कफनीत घेतली.

“घर परत ने, बायकोला दे,” ते म्हणाले. “आजची मेणबत्ती माझी होती.”