भगव्या जीपचा दिवा

‘बाबा, दिवा लागतो तर आहे. मग उजेड का पडत नाही?’

ही गोष्ट अक्षर न अक्षर खरी आहे, देवाशपथ. सांगणारा स्वतः त्या जीपच्या पुढ्यात उभा होता. म्हणजे, त्या दिवशी तो मेहुण्याच्या लग्नात बुंदी वाढत होता. पण ज्याच्याकडून ऐकली तो उभा होता. तोही जरा लांबच. असो.

प्रश्न विचारणारा अंकुश. पूर्वी तालुक्याला गाड्या रंगवायचा. हात असा, की भंगारात निघालेला ट्रकसुद्धा नवरदेव करून पाठवायचा. ते सगळं सोडून तो घाटावरच्या मठात दौलतपुरी बाबांचा चेला होऊन राहिला होता. धंदा सुटला, ताठा काही सुटला नव्हता.

बाबा मठाच्या पायरीवर बसलेले. समोर बोनेट उघडलेली जीप. दिवस कलत आलेला.

बाबांचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टरांनी बजावलं, आता थांबलात तर हाही जाईल. शहरातल्या दवाखान्यात उद्या सकाळी पहिला नंबर बाबांचा. दवाखान्याचं नाव काढलं की बाबा धुनीकडे तोंड फिरवत. अंकुशने नाना परीने विनवलं, तेव्हा कुठे एका अटीवर तयार झाले. जाईन तर तू सजवलेल्या जीपमधून. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाय ठेवणार नाही.

म्हणजे पहाटे, अंधारात घाट उतरणं आलं. आणि त्या घाटाचा कठडा अर्धा दरीत गेलेला.

जीप कुणा ठेकेदाराने वापरून वापरून टाकलेली, भक्तांनी मठाला घेऊन दिलेली. अंकुशने तिचा नट न नट खोलला आणि तिला असा भगवा रंग दिला की बघणाऱ्याने चपला काढाव्यात. पण दिवे? दूधवाला सर्जेराव आपल्या टेम्पोतून जाता-येता विचारायचा, काय अंकुशराव, पुढे निरांजन लावून निघालात का?

अंकुश हटणारा नव्हता. बल्ब बदलले, दुप्पट ताकदीचे घातले. वायरी तापल्या, उजेड तेवढाच. ट्रॅक्टरची नवी बॅटरी आणून जोडली. उजेड तेवढाच. मग त्याच्या डोक्यात आलं, बाबांच्या डोळ्यावर पडदा आलाय, तसाच दिव्याच्या काचेवर आला असेल. धुनीची राख घेऊन त्याने काचा अशा घासल्या की त्यात दाढी करावी.

बाबांनी आवाजावरून ओळखलं.

‘काय घासतोस?’

‘काच, बाबा. राखेने पडदा निघतो.’

‘मग ये इकडे. माझ्याही डोळ्याला लाव. दवाखाना वाचला.’

अंकुशने हातातली राख गुपचूप धोतराला पुसली.

‘बाबा, सर्जेराव टेम्पो घेऊन येतो म्हणतोय…’

‘दूध आहे का मी?’

…

‘जीप घेतली तेव्हा उजेड कसा होता?’ बाबांनी विचारलं.

‘चांगला होता.’

‘मग तू काय केलंस?’

‘काही नाही. रंग दिला.’

‘कुठे कुठे?’

आता अंकुश खुलला. बाहेरून, आतून, खालून, बोनेटच्या पोटातसुद्धा. बोटभर जागा सोडली नव्हती. दिव्यामागच्या पत्र्यावर तर त्याने सोनेरी अक्षरांत बाबांचं नाव लिहिलं होतं, बोनेट उघडणाऱ्या मिस्त्रीलाही दर्शन घडावं म्हणून. नावाच्या मधोमध एक बोल्ट येत होता. तोही वाया जाऊ दिला नव्हता. त्याला लाल रंगवून टिळा केला होता.

बाबा उठले. चाचपडत जीपपाशी आले. त्यांची बोटं पत्र्यावरून फिरली आणि त्या टिळ्यावर थांबली.

‘ह्या बोल्टाला काय बांधलंय?’

‘दिव्याची काळी वायर.’

‘ती कशाला?’

‘लाल वायरीने करंट दिव्यात येतो. काळीने परत जातो. पत्र्यातून, बॅटरीकडे.’

‘जातो?’

बल्ब अंकुशने बघितले होते, बॅटरी बघितली होती, काच बघितली होती. दिव्याला जे जे मिळतं ते सगळं त्याने वाढवून पाहिलं होतं.

‘जात असेल की…’ तो म्हणाला, पण तोंडातल्या तोंडात.

‘दिवा लाव.’

अंकुशने बटण दाबलं. दोन्ही दिवे पिवळे, आजारी, पुढच्या चिंचेपर्यंतही न पोचणारे.

बाबांनी बगलेतला चिमटा काढला. गोसाव्यांकडे असतो तोच, लोखंडी, लांबलचक, कडीवाला. त्याचे दोन पाय फाकवले. एक पाय काळ्या वायरीच्या उघड्या टोकाला टेकवला. दुसरा अंकुशने हाताला धरून दाखवलेल्या जागी, बॅटरीच्या मायनसवर.

त्या दिव्यात जे उजाडलं ते काय सांगावं. चिंच पांढरीफटक पडली. पलीकडच्या डोंगरावरच्या वस्तीत कोंबडे आरवले आणि एक म्हातारी अंथरूण आवरून सडा घालायला लागली.

बाबांच्या डोळ्याला पाणी आलं. त्यांनी पापण्या मिचकावल्या. कित्येक महिन्यांत त्या डोळ्याला काही टोचलं नव्हतं.

अंकुश पायावर पडला.

‘बाबा, चमत्कार…’

बाबांनी चिमटा उचलला. उजेड गेला. चिमटा टेकवला. उजेड आला.

‘हा दिवा मंद का होता?’

अंकुश जमिनीवरून उठला. काळ्या वायरीच्या टोकाकडे त्याने पाहिलं. वायरीखाली रंग. बोल्टाला रंग. पत्र्याला रंगाचे एकावर एक हात, आणि सगळ्यांवर सोनेरी अक्षरं. लोखंडाला लोखंड कुठे धड लागतच नव्हतं.

‘बाबा, कळलं. नवी वायर थेट बॅटरीला टाकतो. हात लावायची गरजच नाही.’

‘कशाला हात लावायची?’

‘…नावाला.’

‘नाव कुणाचं?’

‘तुमचं.’

‘मग मी सांगतो. खरड.’

अंकुशने कानस आणली. पहिल्यांदा अलगद फिरवली, जणू कुणाच्या अंगावरून फिरवतोय. सोनेरी भुगा खाली पडला. ती अक्षरं रेखाटताना त्याने श्वास रोखून धरला होता. एक वेलांटी मनासारखी येईना म्हणून अख्खी दुपार घातली होती. त्याने वर पाहिलं. बाबांचा तो एक डोळा, दुधाळलेला, त्याच्याकडे लागला होता. दिसत मात्र काहीच नव्हतं.

मग अंकुशने ओठ घट्ट मिटले आणि कानस दोन्ही हातांनी धरली. टिळा गेला. नाव गेलं. भगवा गेला. शेवटी आतून लोखंड निघालं, करडं, उघडं, चकचकीत. त्याने बोल्ट साफ केला, वायर लावली, अंगातलं बळ लावून आवळली. मग दुसऱ्या दिव्यामागचा रंगही तसाच खरडून काढला.

बटण दाबलं. चिंच उजळली. चिमटा पायरीवर पडलेला होता.

पहाटे जीप घाट उतरली. तुटलेला कठडा दगडागणिक दिसत होता. वळणावर समोरून सर्जेराव आला आणि हॉर्न वाजवून वाजवून ओरडला, अरे दिवे खाली कर, माणसं आंधळी करतोस का. मागच्या सीटवर बाबा हसले. अंकुशने दिवे खाली केले आणि पाठ ताठ करून पुढचं वळण घेतलं.

डोळा वाचला.

पट्टी निघाली त्या दिवशी बाबा दवाखान्याच्या दारात आले. जीप त्यांनी प्रथमच पाहिली. अंकुश तयारीत होता. एका हातात सोनेरी रंगाची डबी, दुसऱ्या हातात बारीक ब्रश.

‘बाबा, आता जमेल. बोल्टाची जागा सोडतो, आणि बाजूने नाव पुन्हा काढतो.’

बाबांनी बोनेट उघडायला लावलं. अक्षर न उरलेल्या त्या खरडलेल्या जागेकडे ते वाचल्यासारखे बघत राहिले…

आता एक कबूल करून टाकलेलं बरं. चिमटा पदरचा आहे. बाबांकडे चिमटा नव्हताच. त्या संध्याकाळी त्यांनी हाताला लागेल ते घेतलं होतं, आणि हाताला लागलं होतं भाकरीचं उलथणं. कोंबड्यांचंही फार मनावर घेऊ नका. पण नाव खरडलं ते खरं. आणि अंकुशने डबीचं झाकण उघडल्यावर बाबा जे बोलले, तेही खरं.

‘राहू दे रे,’ बाबा म्हणाले. ‘आता वाचता येतंय.’